खंडीभर कापूस आणि चिमूटभर कापूस

मुंबईच्या हार्बर मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशास रे रोड आणि शिवडी या दोन स्थानकांच्या मध्यें ‘कॉटन ग्रीन’ अशी पाटी दिसते. स्थानकापासून जवळच कापूस बाजाराची जुनी, भव्य व हिरव्या रंगाची इमारत उभी आहे. त्यामुळें या नांवांतील ‘ग्रीन’ हा शब्द त्या रंगावरूनच आला असावा, अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. गांवाच्या मध्यावरील मोकळ्या, सर्वांच्या मालकीच्या मैदानास इंग्रजींत ‘ग्रीन’ म्हणतात. मुंबईच्या कोटांत, आज जेथें हॉर्निमन सर्कल आहे तेथें, पूर्वीं असेंच एक मैदान होतें, आणि परगांवाहून आलेल्या कापसाच्या गांसड्या तेथें उघड्यावर रचल्या जात. शहराच्या ऐन मध्यावर ही अडचण नको म्हणून १८४४ सालीं हा बाजार कुलाब्यास गेला. पुढें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत, पोर्ट ट्रस्टनें समुद्र हटवून मिळविलेल्या शिवडीकडील जमिनीवर तो आला. मैदान मागेंच राहिलें, नांव मात्र कापसाबरोबर चालत आलें.

कापसाचें आणि या शहराचें नातें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं ताडदेव येथें पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला व १८५६ मध्यें ती सुरू झाली. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, इंग्लंडच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. पुढें परळ, लालबाग व काळाचौकी हा सारा भाग गिरणगांव म्हणून ओळखला जाऊं लागला. १९२१ सालीं सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या पुढाकारानें ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन ही संस्था निघाली. कॉटन ग्रीनचा बाजार तिच्याच देखरेखीखालीं चाले. जानेवारी १९८२ मध्यें गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि जेथें भोंगे वाजत तेथें आज उंचच उंच इमले उभे आहेत. इतकें सर्व झालें तरी व्यापारी अजूनहि कापसाचा भाव खंडीवरच सांगतात. एक खंडी म्हणजे सुमारें ३५६ किलो रुई.

परंतु या लेखांत आम्हांस बाजारभावाविषयीं लिहावयाचें नाहीं. ज्या शहरांत कापूस खंडीनें मोजला गेला त्याच शहरांत, वखारीपासून हांकेच्या अंतरावरील घराघरांतून, तोच कापूस चिमटीनेंहि मोजला जात होता. देवापुढील वात, पूजेचें वस्त्र, गळ्यांतील जानवें, बाळाचें दुपटें, थंडीची गोधडी हीं सर्व त्या चिमटीचीं अपत्यें. बाजाराच्या खंडीचा हिशेब वह्यांतून लिहिला गेला. घरांतील चिमटीचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. तो थोडासा मांडावा, आणि असल्या हातकामांतला आनंद आजच्या आपल्या संसारांत कोणत्या वाटेनें परत आणतां येईल याचा विचार करावा, एवढाच आमचा उद्देश आहे.

वात

प्रथम वातीचीच गोष्ट घेऊं. वात ही इतकी लहान वस्तु आहे कीं तिच्यांत कांहीं कौशल्य असेल असें वाटत नाहीं. ज्यांना तसें वाटतें त्यांनीं एकदां दहा वाती वळून पहाव्यात. पहिली जाड होते, दुसरी मध्येंच तुटते, तिसरी एका टोकास दोरीसारखी व दुसऱ्या टोकास पिसासारखी होते. चांगली वात हातीं लागावयास चार दिवस लागतात.

पूर्वीं पुष्कळ घरांच्या परसांत देवकापसाचें एखादें झाड असे. शेतांतला कापूस दरवर्षीं पेरावा लागतो. देवकापूस वर्षानुवर्षें टिकतो. बोंड फुटलें कीं कापूस काढावयाचा आणि बोटांनीं सरकी वेगळी करावयाची. कापसाच्या वजनांत रुई साधारण तिसरा हिस्सा भरते, बाकी सारी सरकी; म्हणून मूठभर रुईसाठीं बराच वेळ बसावें लागे. मग ती रुई बोटांनीं हलके हलके विंचरून तिच्यांतील कचरा काढावयाचा, पातळ पदर पसरावयाचा, आणि बोटांस चिमूटभर राख लावून तळहातावर किंवा गुडघ्यावर ती वळावयाची. राखेनें बोट घसरत नाहीं आणि पीळ सारखा बसतो. समईची वात लांब. निरांजनांतील फुलवात बसकी, खालीं गोल आणि वर टोंक. तें टोंक दुधाच्या बोटानें पिळलें म्हणजे ताठ उभें राहतें.

या कृतींत जें शास्त्र आहे तें आमच्या आज्यांनीं पुस्तकांत वाचलें नव्हतें, परंतु त्यांच्या बोटांना तें पक्कें ठाऊक होतें. तंतूंच्या मधल्या अरुंद फटींतून तेल आपोआप वर चढतें. यालाच केशाकर्षण म्हणतात. पीळ फार घट्ट बसला तर फटी बुजतात, तेल वर येत नाहीं आणि दिवा मिणमिणतो. पीळ फार सैल राहिला तर तेल जास्त येतें आणि दिवा काजळी धरतो. न धुतलेल्या रुईच्या तंतूंवर निसर्गतःच मेणाचा अतिशय पातळ थर असतो. त्यामुळें ती पाणी चटकन घेत नाहीं, तेल मात्र तत्काळ पिते. वैद्यकींतला पांढराशुभ्र कापूस पाणी शोषतो, कारण तो थर मुद्दाम काढून टाकलेला असतो. घरांतील मुलांना शाळेंतलें विज्ञान समजावून देण्यास याहून स्वस्त साधन कोणतें?

पूजेंतील वस्त्रमाळेचेंहि असेंच आहे. कापसाची लांब पट्टी घेऊन ठराविक अंतरावर ओल्या कुंकवाच्या बोटांनीं चिमटा घेत जावें, म्हणजे मधला कापूस मण्यासारखा फुगतो आणि पांढऱ्या मण्यांत तांबडे ठिपके बसत जातात. सुई नाहीं, दोरा नाहीं, कात्री नाहीं. दोन बोटें आणि एक वाटी कुंकवाचें पाणी. गौरी-गणपतीच्या दिवसांत एका बैठकींत अशा पांच-सात माळा होत, आणि त्या करतांना गप्पा ज्या होत त्यांचा हिशेब तर कोणींच ठेवला नाहीं.

जानवें

आतां एक गोष्ट आम्ही विशेषेंकरून आमच्या वाचकबंधूंस सांगतों. कापसाचें हातकाम हें बायकांचेंच काम, ही समजूत अलीकडची आहे. आपल्या घरांतून पुरुषहि चातीवर सूत काढीत, आणि तें जानव्यासाठीं. चार बोटें जुळवून त्यांभोंवतीं सुताचे ९६ वेढे घ्यावयाचे, तें सूत तिप्पट करून पीळ द्यावयाचा, पुन्हां तिप्पट करून उलट पीळ द्यावयाचा, म्हणजे नऊ तंतूंचें सूत होतें. मग त्याचीं सूत्रें करून ब्रह्मगांठ मारावयाची. सूत सारखें नसेल तर पीळ घेतांनाच तुटतें. वेदविद्येंत नांवाजलेले गृहस्थ हें काम ओटीवर बसून करीत आणि त्यांत त्यांस कमीपणा वाटत नसे. पुढें गांधीजींच्या चळवळीच्या काळांत शहरांतील शिकलेल्या कुटुंबांतहि चरखा आणि टकळी आली; १९३७ सालीं वर्ध्यास मांडल्या गेलेल्या शिक्षणयोजनेनंतर पुष्कळ शाळांतून मुलगे व मुली दोघेंहि टकळीवर सूत काढूं लागलीं.

आमच्या परिचयाच्या, काळाचौकीकडे राहणाऱ्या एका कुटुंबांत मध्यंतरीं एक प्रसंग घडला, तो येथें सांगण्याजोगा आहे. घर मोठें, आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडें. दोघीहि सुना नोकरी करणाऱ्या. श्रावणांत थोरल्या सूनबाईंनीं बाजारांतून वातींचीं पाकिटें आणलीं. सासूबाईंच्या मनास तें लागलें. “आमच्या वेळेस विकतची वात देवापुढें लागली नाहीं हो कधीं,” असें त्या जेवतांना बोलून गेल्या. सूनबाई गप्प राहिल्या. दिवसभर काम करून, दोन गाड्या बदलून घरीं येणाऱ्या बाईनें यावर काय बोलावें? आजोबांनींहि मान डोलविली. इतक्यांत दहा वर्षांचा नातू सहज म्हणाला, “आजोबा, पण तुमचं जानवं तरी घरचं कुठं आहे? तेहि दुकानांतूनच आणतां ना?”

पंक्तींत क्षणभर शांतता झाली आणि मग आजोबांनाच प्रथम हसूं आलें. मुलाच्या प्रश्नांत जें सत्य होतें तें त्यांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें. त्यांचे वडील चातीवर सूत काढीत. त्यांनीं स्वतः मात्र जन्मभर जानवें विकतच घेतलें, आणि त्याबद्दल घरांत कोणींहि एक शब्द काढला नाहीं. पुरुषांनीं आपलें हातकाम कधींच सोडून दिलें होतें; तें कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. बायकांनीं सोडल्याबरोबर मात्र परंपरा बुडाल्याची ओरड झाली. त्या दिवसानंतर आजोबा दर रविवारीं सकाळीं कापूस घेऊन बसतात, नातू सरकी काढतो, आणि सासूबाई दोघांच्या वाती पाहून नांवें ठेवतात. सूनबाईंनीं पाकिटें आणणें बंद केलें नाहीं, कारण रविवारच्या वाती आठवडाभर पुरत नाहींत. परंतु त्या पाकिटांवरून आतां कोणी बोलत नाहीं. कधीं कधीं त्याहि येऊन बसतात. आम्हांस यांतली महत्त्वाची गोष्ट दिसते ती हीच कीं, बसलेंच पाहिजे असें नसल्यामुळें त्या बसतात.

गोधडी

वातीनंतर गोधडी. नऊवारी लुगडें पुष्कळ वेळां धुवून विरलें म्हणजे त्यांतील खळ जाते, सूत मऊ पडतें, आणि नव्या कापडास कधींहि येणार नाहीं असा मऊपणा त्यास येतो. असे तीन-चार थर एकावर एक पसरून, कांठापासून आरंभ करून धांवदोऱ्यानें आंतआंत येत गेलें कीं गोधडी होते. घरांत पिंजलेल्या कापसाची दुलई असली तरी मुंबईच्या बेताच्या थंडीस ती जड होते. येथें गोधडीच योग्य. थरांच्या मध्यें जी हवा अडकून राहते ती ऊब धरून ठेवते, आणि पावसाळ्यांत धुतली तरी गोधडी दुलईपेक्षां लवकर वाळते.

गोधडीची खरी गोडी तिच्या टांक्यांहून तिच्या तुकड्यांत आहे. हा आजीच्या इरकली लुगड्याचा कांठ, ही आत्याच्या परकराची चीट, हा शाळेंतल्या सदऱ्याचा खिसा, अशी तिच्यांत घराची बखर लिहिलेली असते. मुलें रात्रीं ती पांघरून ‘हें कोणाचें?’ म्हणून विचारतात आणि मागच्या पिढ्यांचीं नांवें त्यांना न शिकवतां पाठ होतात. हें केवळ आपल्याकडेंच आहे असें नाहीं. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, जपानची साशिको, अमेरिकेंतील खेड्यांतून बायका एकत्र जमून शिवीत त्या चौकड्यांच्या रजया, या सर्वांचा उगम एकच. जुनें कापड टाकून देणें जिवावर येतें, आणि त्याचें कांहीं सुंदर करतां येईल असें हाताला वाटतें. काटकसर आणि सौंदर्य या दोघी बहिणी आहेत, असें गोधडीकडे पाहून वाटतें.

गादीचा कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याचा उल्लेख येथें केल्यावांचून राहवत नाहीं. खांद्यावर मोठें धनुष्य, हातांत लांकडी मोगरी, आणि तांतेचा तो टणत्कार! चाळींत पिंजारी आला कीं मुलें खेळ टाकून भोंवतीं उभीं राहत. दबून दगडासारखा झालेला कापूस त्या कंपानें मोकळा होऊन ढगासारखा वर येई. आतां हें काम बहुतेक यंत्रावर होतें आणि तो टणत्कार क्वचितच कानीं पडतो. त्या माणसाच्या हातांतहि एक कला होती, आणि ती आपल्या दाराशीं येत होती, हें मुलांना सांगून ठेवावें.

लालबागचा मसाला

कॉटन ग्रीनहून पश्चिमेस थोडें चाललें कीं लालबाग येतें. तेथील चिवडा गल्ली व मसाला गल्ली मुंबईकरांस सुपरिचित आहेत. उन्हाळ्यांत, पाऊस सुरू होण्यापूर्वीं, मसाला गल्लींत सर्व जातींच्या व सर्व थरांतल्या बायकांची जी गर्दी होते ती पाहण्याजोगी असते. येथें मसाला तयार पुडीनें घेणारे आहेतच. परंतु खऱ्या हौशी बायका मिरच्या, धणे आणि बाकीचा जिन्नस निवडून घेतात, तो उन्हांत वाळवितात, आपल्या देखत भाजून घेतात आणि कांडून घेतात. बेडगी मिरची रंगासाठीं, लवंगी तिखटपणासाठीं. दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, चक्रीफूल हीं ज्याच्या त्याच्या घरच्या मापानें. मालवणकडील घराचें माप निराळें, देशावरच्या घराचें निराळें. आणि आपला गोडा मसाला तर त्याहून निराळा. त्यांत तिखट बेताचें. मान धण्यांचा, खोबऱ्याचा आणि तिळांचा.

मसाला कांडण्याच्या यंत्रांत लोखंडी मुसळें वर-खालीं होतात. कांडतांना जिन्नस दळण्याइतका तापत नाहीं आणि त्याचा वास उडून जात नाहीं, म्हणूनच बायका तेथें तासन्‌तास ताटकळत उभ्या राहतात. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं ‘गृहिणी-मित्र’ हें हजार पाकक्रियांचें पुस्तक प्रसिद्ध करून मराठी स्वयंपाकास छापील मापें दिलीं; १९७० सालीं कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें तर परदेशीं गेलेल्या मुलींनाहि हातीं धरून शिकविलें. हीं पुस्तकें घरांत असलींच पाहिजेत. तरीहि धणे कोठवर भाजावे हें नाक सांगतें, पुस्तक नव्हे. आणि तें नाक तयार होण्यासाठीं कोणा जाणत्या बाईच्या शेजारीं, कढईजवळ, उभें राहावें लागतें. नातवास, नातीस, आणि जांवयासहि एकदां तेथें उभें करून पहावें.

कोपऱ्यांतील हात

येथवर आम्हीं गोड बाजू सांगितली. परंतु केवळ गोड सांगून थांबलों तर तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आपल्या जुन्या घरांतून सर्वांत अधिक वाती कोणीं वळल्या? माजघराच्या कोपऱ्यांत बसलेल्या, तांबडें आलवण नेसलेल्या आत्येनें किंवा मावशीनें. आठव्या-दहाव्या वर्षीं लग्न, बाराव्या वर्षीं वैधव्य, आणि पुढील पन्नास-साठ वर्षें दुसऱ्यांच्या घरचें रांधणें, वाढणें आणि वाती वळणें. लक्ष वातींचें व्रत पुष्कळ जणींनीं केलें. रोज ३०० वाती वळल्या तर एक लाख होण्यास सुमारें अकरा महिने लागतात. त्या अकरा महिन्यांत त्या बाईच्या मनांत काय चाललें असेल, हें विचारावयास कोणी गेलें नाहीं. तिच्या हातची वात सर्वांत सुरेख असे, असें म्हातारीं माणसें कौतुकानें सांगतात. ती सुरेख असणारच. तिला दुसरें कांहीं करूंच दिलें नव्हतें.

हे शब्द कठोर वाटतील, परंतु हस्तकलेचें गुणगान करणारानें ते उच्चारलेच पाहिजेत. नाहींतर ‘पूर्वींच्या बायका किती कामसू’ असें म्हणून आजच्या बायकांना टोमणा मारण्यापलीकडे त्या गुणगानाचा उपयोग नाहीं.

त्याच हातांना मोल मिळालें तेव्हां काय झालें, हेंहि आपल्या प्रांताचा इतिहास सांगतो. १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईंत शारदा सदन काढलें, १८९६ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापिला, १९०८ सालीं बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनीं मुंबईंत सेवासदन सुरू केलें, आणि पुढच्याच वर्षीं पुण्याच्या सेवासदनाचें काम रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालें. अक्षरओळख, शिवण, शुश्रूषा यांच्या बळावर कोपऱ्यांतील बाई उंबऱ्याबाहेर आली. गिरगांवांत १५ मार्च १९५९ रोजीं सात गुजराथी भगिनींनीं ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशीं चार पुडे झाले. तीच पुढें लिज्जत पापडाची महिला-संस्था. आणि खुद्द गिरणगांवांत, कामगारांसाठीं खानावळी चालविणाऱ्या व सावकाराच्या कर्जांत बुडालेल्या बायकांना प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपानें एकत्र केलें आणि त्यांना बँकांचें कर्ज मिळवून दिलें. पोळी तीच, पापड तोच, लाटणारा हातहि तोच. परंतु जें काम लादलें असतां शिक्षा होती, तेंच मोल मिळतांच स्वाभिमान झालें.

तेव्हां हातकामाच्या तीन अवस्था आहेत असें म्हणावें लागेल. लादलेलें काम, मोलाचें काम आणि आवडीचें काम. यांतील पहिलें संपलें पाहिजे. दुसऱ्यास योग्य दाम मिळाला पाहिजे. आणि तिसरें आपल्या घरांत वाढलें पाहिजे. आवडीचें काम तेंच, जें करणारास ‘नको’ म्हणण्याची मोकळीक आहे आणि ज्याचा भार एकाच माणसावर पडत नाहीं. ही मोकळीक नसेल तर सुंदर गोधडीहि ओझेंच होय.

आज काय करतां येईल

आमच्या वाचकांस आम्ही कांहीं साध्या सूचना करूं इच्छितों. पहिली ही कीं, आरंभ लहान असावा. आठवड्यांतून एक अर्धा तास, आणि एका ऋतूंत एकच काम. श्रावणांत वाती, भाद्रपदांत वस्त्रमाळा, दिवाळीपूर्वीं पणत्या रंगविणें, थंडींत गोधडी, आणि वैशाखांत मसाला व सांडगे. एका वर्षांत घराच्या हातीं पांच कला येतात. कोणाची दमछाक होत नाहीं.

दुसरी सूचना अशी कीं, कामाचा आरंभ घरांतील पुरुषानें करावा. त्यामुळें तें बायकांचें काम राहत नाहीं, आणि मुलगे आपोआप येऊन बसतात. ज्यांच्या वाडवडिलांनीं ९६ वेढे मोजले त्यांच्या बोटांना चार वाती जड जाऊं नयेत.

तिसरी सूचना, घरांतील वृद्धांना शिक्षक नेमावें, परीक्षक नव्हे. शिकणाराची पहिली वाकडी वात देवापुढें लावावी. ती थोडी काजळी धरील, धरूं द्यावी. तिच्याकडे पाहून पुढची वात कशी वळावी हें तो आपोआप शिकेल.

चौथी सूचना, केलेली वस्तु वापरावी. कपाटांत ठेवलेली गोधडी किंवा भिंतीवर टांगलेलें भरतकाम हें प्रदर्शन होय. अंगावर घेतलेली गोधडी हा संसार होय. वापरल्यानें ती फाटेल, पुन्हां टांका पडेल, आणि मग तिच्यांत आणखी एका हाताची भर पडेल.

पांचवी सूचना विकतच्या वस्तूंविषयीं. जें घरीं जमत नाहीं तें बाजारांतून आणण्यांत लाज नाहीं. वातींचें पाकीटसुद्धां कोठें तरी कोणा बाईच्या हातानेंच भरलेलें असतें, आणि तिच्या चुलीस त्याचा आधार असतो. मात्र चार आण्यांसाठीं तिच्याशीं घासाघीस करावयाची आणि घरीं येऊन हस्तकलेच्या ऱ्हासाबद्दल हळहळावयाचें, हें आम्हांस विसंगत वाटतें.

कॉटन ग्रीनच्या वखारींपुढें कापसाच्या गाड्यांची पूर्वींची रांग आतां लागत नाहीं. बाजार आपल्या वाटेनें गेला, तो कोणी थांबवूं शकलें नसतें. चिमटीचें तसें नाहीं. ती आपल्या हातांत आहे. येत्या रविवारीं थोडासा कापूस, एक वाटी राख आणि घरांतील जीं माणसें आपखुषीनें येतील तीं, एवढी सामग्री पुरे आहे. पहिली वात कोणीं वळावयाची, हें मात्र या खेपेस घरांतील सूनबाईंना ठरवूं द्यावें.